मुका मार, सात दिवस आणि चार आठवडे

मोटारसायकल घसरते. चालवणारा तिशीतला तरुण हँडलवर पोटाने आपटतो, उठून उभा राहतो, कपडे झटकतो. रक्त कुठे नाही, हाड मोडलेले नाही. जवळच्या दवाखान्यात दुखणे थांबवणारे इंजेक्शन मिळते, सोनोग्राफीत पोटात रक्त दिसत नाही, आणि ‘फक्त मुका मार आहे’ हे ऐकून तो घरी येतो. रात्री पोट दुखू लागते. दुसऱ्या दिवशी कळ पाठीपर्यंत जाते, उलट्या सुरू होतात. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल. तिसऱ्या दिवशी फुगलेले पोट आणि लागलेली धाप घेऊन तो जिल्हा रुग्णालयात पोहोचतो आणि सीटी स्कॅनमध्ये दिसते, की स्वादुपिंड मधोमध फाटले आहे आणि त्याच्याभोवती सगळीकडे पाणी साचले आहे.

सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात असे रुग्ण रोज येत नाहीत. पोटाला मार बसलेल्या शंभर रुग्णांत स्वादुपिंडाला इजा झालेले पाचही नसतात. पण रोज येत नाहीत म्हणूनच ते निसटतात. आणि निसटले की पुढचे दोन-तीन महिने ते, त्यांचे घर आणि तो वॉर्ड यांची परीक्षा पाहतात.

स्वादुपिंड, म्हणजेच पॅनक्रियाज, जठराच्या मागे पाठीच्या कण्यावर आडवे पसरलेले असते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आत. पुढून हँडलचा किंवा स्टिअरिंगचा दणका बसला, की लोखंड आणि मणका यांच्यामध्ये ते चेचले जाते. सायकलवरून पडलेल्या मुलांमध्ये तर हँडलचे टोकच थेट पोटात रुतते. कधी त्याचा गोल वण पोटावर दिसतो, कधी तोही नाही. वैद्यकीय साहित्यात अशा इजेची पहिली नोंद १८२७ सालची आहे. इंग्लंडमध्ये घोडागाडीचे चाक लागून जखमी झालेल्या एका स्त्रीची ती हकिगत बेंजामिन ट्रॅव्हर्स या शल्यचिकित्सकाने लिहिली होती. गाड्या बदलल्या, पण अवयवाची जागा तीच आहे.

ही इजा पहिल्या दिवशी का कळत नाही? अपघात विभागात केली जाणारी घाईची सोनोग्राफी पोटात रक्त आहे का एवढेच पाहण्यासाठी असते. स्वादुपिंडापुढे जठर आणि आतड्यातला वायू असतो, त्यामुळे ते नीट दिसतच नाही. रक्तातले अमायलेज आणि लायपेज पहिल्या काही तासांत नॉर्मल असू शकतात. पहिल्या बारा तासांत काढलेला सीटी स्कॅनसुद्धा फसवतो, कारण सूज आणि फट दिसायला वेळ लागतो. थोडक्यात, पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तर त्याचा अर्थ ‘अजून काही दिसत नाही’ एवढाच. पोटाच्या वरच्या भागाला जोराचा मार असेल आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर सहा-आठ तासांनी पुन्हा रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटी, एवढी शिस्त पुरते. त्यासाठी रुग्णाला रात्रभर ठेवून घ्यावे लागते. नेमके तेच होत नाही. खाट नसते, नातेवाइकांना घरी जायचे असते आणि दुखणे थांबवणाऱ्या इंजेक्शनने रुग्णालाही बरे वाटत असते.

एकदा स्वादुपिंड फाटले, की त्यातला पाचकरस बाहेर झिरपतो. मांस आणि चरबी पचवण्यासाठी बनलेला हा रस मांस आणि चरबीच पचवायला लागतो, फक्त ती आता ताटातली नसते. पोटातल्या चरबीचा तर अक्षरशः साबण होतो. चरबीतील आम्ले रक्तातल्या कॅल्शियमशी जोडली जातात, रक्तातले कॅल्शियम उतरते आणि ऑपरेशन टेबलावर पोट उघडले तर आत पांढरे खडूसारखे ठिपके दिसतात. सगळ्या शरीरात दाह पसरतो, रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपते, लघवी कमी होते, फुप्फुसे भरतात. मूत्रपिंड, फुप्फुस किंवा रक्ताभिसरण ४८ तासांहून अधिक काळ ढासळलेले राहिले, तर २०१२ मध्ये सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणानुसार तो ‘तीव्र’ पॅनक्रियाटायटिस. पहिल्या आठवड्यातला ताप पुष्कळदा या दाहाचाच असतो. जंतू तोवर आलेलेही नसतात. ते येतात नंतर, मेलेल्या ऊतींवर. बहुधा आतड्यातून, आणि बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात.

इथून पुढे सगळा प्रश्न वेळेचा आहे. डॉक्टर, नातेवाईक आणि सरकारी योजना, तिघांचीही इथेच चूक होते.

पोटातल्या प्रत्येक जंतुसंसर्गाला एकच नियम लावता येत नाही. त्याच दणक्याने आतडे फुटले असेल, मळ किंवा पित्त पोटात सांडत असेल, तर तासांचा हिशेब असतो. ताबडतोब पोट उघडावेच लागते आणि तिथे ‘थांबून पाहू’ म्हणणे हा गुन्हा आहे. स्वादुपिंडाची मुख्य नलिका तुटल्याचे पहिल्या दिवशीच कळले, रुग्ण स्थिर असला आणि फाटलेला भाग शेपटाकडचा असला, तर तो काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही लवकर केलेली बरी. काही वेळा दुर्बिणीतून नलिकेत स्टेंट घालूनही काम भागते. पण नलिका तुटल्याचे उशिरा कळले, आत सूज आणि सडणे सुरू झाले, की घड्याळ बदलते. आता हिशेब आठवड्यांचा. या दिवसांत स्वादुपिंड ओल्या मातीसारखे असते, मेलेला भाग आणि जिवंत भाग वेगळा करता येत नाही. घाईने हात घातला तर जिवंत तेवढे फाटते आणि रक्त थांबत नाही. साधारण चार आठवड्यांनी शरीर स्वतःच त्या सडलेल्या भागाभोवती भिंत बांधते. त्या भिंतीच्या आत काम करणे सोपे आणि सुरक्षित असते.

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. सडलेले स्वादुपिंड दिसले की पोट उघडून सगळे खरवडून काढायचे, हीच अनेक दशके पद्धत होती आणि त्यात दगावणाऱ्यांची संख्या मोठी होती. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० मध्ये ८८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांचे पोट थेट उघडले. उरलेल्यांना पायरीपायरीने उपचार दिले. आधी त्वचेतून किंवा जठरातून नळी घालून पू बाहेर काढायचा, तेवढ्याने भागले नाही तरच छोट्या छेदातून सडलेला भाग काढायचा. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू यांचे प्रमाण पोट उघडलेल्या गटात ६९ टक्के होते आणि पायरीपायरीच्या गटात ४० टक्के. दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांना नुसती नळी पुरली, खरवडावे लागलेच नाही. पुढे मधुमेह आणि हर्निया होण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी राहिले. मृत्यूंच्या संख्येत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, हेही सांगायला हवे. उपचार हळू करा म्हणजे सगळे वाचतात, असा दावा कोणी करू नये.

याच गटाने २०२१ मध्ये आणखी एक पायरी मागे जाऊन पाहिले. जंतुसंसर्ग झाल्याचे कळताच नळी घालायची, की अँटिबायोटिक्सवर ठेवून भिंत तयार होईपर्यंत थांबायचे? थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांना नळीसुद्धा लागली नाही. अर्थात, हे रुग्ण मुख्यत्वे पित्ताशयातील खडे आणि दारू यांमुळे आजारी पडलेले होते, अपघातातले नव्हते. अपघातात नलिका तुटलेली असेल तर गळती चालूच राहते, म्हणून थांबताना नजर अधिक कडक ठेवावी लागते. पण मेलेल्या ऊतीचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच असतो, आणि पायरीपायरीने जाण्याचे तत्त्व अपघातातल्या रुग्णांनाही लागू पडते.

नातेवाइकांना हे पटवणे सर्वांत कठीण. ‘वीस दिवस झाले, अजून ऑपरेशन का नाही? डॉक्टरांना जमत नसेल तर पुढे पाठवा’, असे व्हरांड्यात ऐकू येते. काही जण स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेऊन जातात. खाजगी रुग्णालयात ‘लगेच ऑपरेशन करू’ म्हणणारा कोणी भेटला, की त्यालाच कर्तबगार समजले जाते. आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे काम आणि वाट पाहणे म्हणजे हलगर्जीपणा, असे समीकरण पक्के बसले आहे. तो दोष एकट्या नातेवाइकांचा नाही. थांबण्यामागचे कारण मराठीत, खाटेजवळ बसून, दर दोन दिवसांनी सांगायला वेळ काढणारे डॉक्टर कमी आहेत.

आणि थांबणे म्हणजे काही न करणे नव्हे. सलाइन किती द्यायचे हेच पाहा. पूर्वी बादलीभर ओतत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भरमसाट सलाइन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या अंगात पाणी जास्त झाले, बेताने दिलेल्यांत ते प्रमाण ६.३ टक्के होते. भरमसाट देण्याचा फायदा मात्र दिसला नाही, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आता लघवी, नाडी, रक्तदाब पाहून तासातासाने हिशेब ठेवावा लागतो आणि तो हिशेब रात्री तीन वाजता परिचारिका ठेवत असते.

अँटिबायोटिक्सचेही तसेच. जंतुसंसर्ग झालेला नसताना, तो होऊ नये म्हणून दिलेल्या अँटिबायोटिक्सचा तीव्र पॅनक्रियाटायटिसमध्ये उपयोग नाही, हे चांगल्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. तरीही पहिल्याच दिवशी सर्वांत भारी औषध सुरू होते. त्याला दाद न देणारे जंतू आणि बुरशी उरतात, आणि तिसऱ्या आठवड्यात खरी गरज पडते तेव्हा हाती काही राहत नाही. फुटलेल्या आतड्याच्या रुग्णांतही, पोट नीट धुऊन गळती बंद केल्यावर चार दिवसांचा कोर्स आठ दिवसांच्या कोर्सइतकाच गुणकारी ठरतो, हे अमेरिका आणि कॅनडातील ५१८ रुग्णांच्या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवले. आपल्याकडे मात्र टाके काढेपर्यंत औषध चालू ठेवण्याची सवय जात नाही. निरुपद्रवी म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रोबायोटिक पुड्यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. नेदरलँड्समध्येच त्या तीव्र पॅनक्रियाटायटिसच्या रुग्णांना देऊन पाहिल्या. पुड्या मिळालेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, न मिळालेल्या गटात ६ टक्के. ‘देऊन तर पाहू, काय बिघडते?’ हा प्रश्न या आजारात विचारू नये.

सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे जेवण. जुना नियम होता की स्वादुपिंडाला विश्रांती द्या, तोंडाने थेंबही नको. दोन-तीन आठवडे नुसत्या सलाइनवर ठेवलेला धडधाकट माणूस हाडांचा सापळा होतो. उपाशी आतड्याचे अस्तर पातळ पडते आणि आतले जंतू रक्तात शिरतात, म्हणजे ज्या संसर्गाला घाबरून उपाशी ठेवले त्यालाच दार उघडून दिल्यासारखे होते. आता पोट सहन करील तितके लवकर, तोंडाने. ते जमले नाही तर तीनएक दिवसांत नाकातून घातलेल्या नळीने अन्न सुरू करायचे, हे जगभर मान्य झाले आहे. ती नळी जठराच्या पलीकडे, लहान आतड्यातच पोहोचली पाहिजे असेही दर वेळी नाही. जठरात दिलेले अन्नही बऱ्याच रुग्णांना सोसते, हे दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २००६ मध्येच एका छोट्या अभ्यासातून दाखवले होते. म्हणजे महागडी एंडोस्कोपी नाही म्हणून उपाशी ठेवायचे कारण उरत नाही.

हे करायला लागते काय? नळी, मिक्सरमधून काढून गाळलेले प्रथिनयुक्त पातळ अन्न किंवा तयार पावडर, आणि दर वेळी नळी पाण्याने धुणारा माणूस. न धुतलेली नळी दुसऱ्या दिवशी तुंबते, ती पुन्हा घालेपर्यंत रुग्ण उपाशी. सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात डाळ, अंडी, दूध सगळे असते. नसतो तो आहारतज्ज्ञ, अमुक खाटेला दिवसाला इतके उष्मांक आणि इतकी प्रथिने गेली का हे विचारणारा. व्हेंटिलेटरच्या खरेदीचे फोटो वर्तमानपत्रात येतात, आहारतज्ज्ञाचे रिकामे पद भरल्याचा फोटो कोणी काढत नाही.

कधीकधी पोटातली सूज इतकी वाढते की आतला दाब मूत्रपिंडांना आणि फुप्फुसांना चेपू लागतो. मूत्राशयातल्या नळीला जोडून हा दाब मोजता येतो. त्याला यंत्र लागत नाही, मोजपट्टी आणि सलाइनची नळी पुरते. दाब सतत २० मिलिमीटरच्या वर राहिला, अवयव थकू लागले आणि बाकीचे उपाय हरले, तर पोट उघडून उघडेच ठेवावे लागते. कोलंबियात बोगोटा येथे १९८४ मध्ये ओस्वाल्दो बोरायेस या तरुण शल्यचिकित्सकाने अशा उघड्या पोटावर सलाइनची निर्जंतुक प्लास्टिक पिशवी शिवली. ‘बोगोटा बॅग’ हे नाव आज जगभरच्या शल्यचिकित्सकांना ठाऊक आहे. पैसे कमी असलेल्या रुग्णालयातून निघालेला हा उपाय आपल्याकडेही अनेकांचे प्राण वाचवत आला आहे.

पिशवीला पैसे लागत नाहीत, पण दिवसांना लागतात. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. योजना चांगली आहे, यात शंका नाही. रक्तस्राव, डोक्याचा मार, मोडलेली मांडी यांत पहिले काही तास आणि दिवसच निर्णायक असतात, आणि पैशाअभावी दारातून परत पाठवलेल्या जखमींची संख्या त्याने घटेल. पण सात हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून वरचे वेळापत्रक पुन्हा वाचावे. जंतुसंसर्ग दुसऱ्या आठवड्यानंतर. भिंत चौथ्या आठवड्यात. नळ्या कधी दोन-दोन महिने. म्हणजे जो रुग्ण पोटावर आपटला, त्याचा खरा आजार योजना संपल्यावर सुरू होतो.

त्यानंतर राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, हे खरे. पण तिचीही घडण पॅकेजची, म्हणजे एका आजाराला किंवा एका शस्त्रक्रियेला आधी ठरवलेली रक्कम. तीन वेळा सीटी, दोन नळ्या, पस्तीस दिवसांची खाट आणि रोजचे नळीतले जेवण असा आजार कोणत्याही एका पॅकेजमध्ये नीट बसत नाही. शिवाय पैशाची ही रीत नकळत निर्णयावरही दाब टाकते. शस्त्रक्रियेला नाव आणि किंमत असते, थांबण्याला नसते. पोटाच्या गंभीर इजांसाठी सात दिवसांची मर्यादा उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या शिफारशीवरून टप्प्याटप्प्याने वाढवता यावी आणि पॅकेजमध्ये खाटेचे दिवस व नळीवाटे आहार स्वतंत्र मोजला जावा, ही मागणी अवाजवी नाही. गैरवापर होईल अशी भीती दाखवली जाईल. सीटी स्कॅन आणि रोजचा तक्ता मागवला, की खरे-खोटे कळते.

दुसरी अडचण माणसांची. त्वचेतून सुई घालून सीटी किंवा सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने नळी टाकणारे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. पायरीपायरीच्या उपचारातली पहिली पायरीच जिल्ह्यात नसेल, तर तिथला शल्यचिकित्सक नाइलाजाने शेवटच्या पायरीवर जातो. त्याला दोष देऊन काय उपयोग? सोनोग्राफी पाहून नळी टाकणे हे काम शल्यचिकित्सकांना आणि रेडिऑलॉजिस्टना काही महिन्यांच्या प्रशिक्षणात शिकवता येते. तोवर निदान एवढे ठरावे की अपघातानंतर स्वादुपिंडाची इजा कळली, की रुग्णाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पहिल्या दोन दिवसांतच पाठवायचे, श्वास लागल्यावर नाही. १०८ची रुग्णवाहिका वाटेत ऑक्सिजन आणि सलाइन देऊ शकते. विसाव्या दिवशी, पू झाल्यावर, आधी एकदा उघडलेल्या पोटासह आलेल्या रुग्णाला ती फार काही देऊ शकत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. पोटाला मुका मार लागल्यावर पहिले तीन दिवस सावध राहायचे. दुखणे वाढणे, कळ पाठीत जाणे, उलट्या, पोट फुगणे, ताप, लघवी कमी होणे, यांतले काहीही दिसले तर पित्ताची गोळी न देता परत रुग्णालयात जायचे आणि मार कसा लागला हे स्वतःहून सांगायचे. लहान मूल सायकलवरून पडल्याचे लपवते, ते विचारून काढावे लागते. कधी सगळे निवळले असे वाटून तीन-चार आठवडे जातात आणि मग दोन घासांत पोट भरते, वरच्या पोटात गोळा लागतो. तो पाचकरसाचा साठा असू शकतो, आणि तो बहुतेक वेळा दुर्बिणीतून जठरात वाट करून रिकामा करता येतो.

बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का, हे पाहावे. स्वादुपिंडाचा मोठा भाग गेला असेल तर मधुमेह पुढे कधीही येऊ शकतो, म्हणून साखरेची तपासणी वर्षातून एकदा तरी. वजन भरत नसेल आणि शौच तेलकट, चिकट होत असेल, तर जेवणाबरोबर घ्यायच्या पाचकरसाच्या कॅप्सूल. आणि शेपटाकडच्या भागाबरोबर प्लीहाही काढली असेल, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी, व ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पुष्कळ कार्डांवर ही तिसरी ओळ नसते.